प्रयत्नाचे तीन गुण

कार्तिकीनं कंपास पुन्हा टेकवला, पण दोन्ही कंस काही भेटेनात. भेटणार कसे? आठ सेंटीमीटरच्या पायावर तीन आणि चारच्या बाजू! असा त्रिकोण ब्रह्मदेवालाही जमला नसता. दहावीच्या बोर्डाच्या पेपरातला प्रश्नच चुकलाय हे ओळखून तिनं सगळं स्वच्छ खोडून टाकलं.

निकालाआधी बोर्डानं मोठ्या मनानं चूक कबूल केली आणि प्रश्न सोडवायचा प्रयत्न करणाऱ्या प्रत्येकाला तीन गुण बहाल केले. कार्तिकी गणितात दोन गुणांनी नापास झाली.

“जागा कोरी का सोडलीस गं?” गणिताच्या बाई करवादल्या.

“तो त्रिकोण होतच नाही, बाई. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं गं, पण पास व्हायला काहीतरी खरडावं लागतं!”

शेजारच्या बाकावरच्या प्रज्वलनं पाचच सेंटीमीटरची रेघ ओढून तिच्यावर ऐटीत ‘आठ’ लिहिलं होतं आणि झकास त्रिकोण जुळवला होता. पूर्ण गुण!

आता तो सिव्हिलच्या डिप्लोमाला निघालाय. “गावच्या नदीवरचा पूल माझा पोरगाच बांधणार,” असं सांगत त्याच्या वडिलांनी पेढे वाटले.

पेढा तोंडात टाकत कार्तिकी आईला म्हणाली, “आपल्याला आपली होडीच बरी.”