झुकणारा शिक्का

"पुन्हा दाबा," त्सुकुदा म्हणाला.

मोमियामानं पुन्हा बटण दाबलं. पडद्यावरच्या रजेच्या अर्जात उजवीकडच्या चौकोनात लाल गोल शिक्का उमटला. आत त्सुकुदाचं नाव. शिक्का चांगलाच डावीकडे कलला होता, शेजारच्या, ओरिहाराच्या चौकोनाकडे तोंड करून.

"आणखी एकदा."

"शंभरदा दाबलं तरी तो असाच येणार, त्सुकुदा-सान. हुद्दा बघून वाकतो तो."

जपानमधल्या हामामात्सुच्या या नळजोड बनवणाऱ्या कंपनीत कागदावर शिक्के मारायचे, तेव्हा खालच्या माणसानं आपला शिक्का वरच्याकडे झुकवून मारायचा, नमस्कार केल्यासारखा. कागद जाऊन संगणक येणार म्हटल्यावर ही अदब बुडू नये, असा हट्ट गेल्या थंडीत एकाच माणसानं धरला होता. पायरीगणिक कल वाढला पाहिजे, ही भरही त्याचीच. तेव्हा तो विभागप्रमुख होता आणि मधला, मंजुरीचा चौकोन त्याचा होता. बाहेरून कामाला आलेल्या मोमियामानं ऐकून घेतलं आणि जावाच्या फ्रेमवर्कमध्ये शिक्क्याचा कॉम्पोनंट बांधला. एकदा लिहायचा आणि मग रजा, खरेदी, प्रवास, हव्या त्या फॉर्मवर बसवायचा. माणूस बटण दाबतो, कॉम्पोनंट त्याचा हुद्दा शोधून आणतो, आणि तेवढा शिक्का वाकवतो.

एप्रिलमध्ये त्सुकुदाला पंचावन्न पुरी झाली. कंपनीच्या नियमाप्रमाणे पद गेलं, नोकरी तेवढी राहिली, टेबल खिडकीपासून दाराशी आलं, आणि मधला चौकोन हाताखालच्या ओरिहाराला मिळाला. कॉम्पोनंटला कुणी हात लावला नव्हता. त्याला फक्त नवा हुद्दा कळला होता.

त्सुकुदा दारापर्यंत गेला, बाहेर डोकावला, परत आला. थंड चहाचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. ठेवला तोही आधी एका जागी, मग दुसऱ्या.

"मोमियामा-सान, फक्त माझ्यापुरता सरळ नाही करता येणार?"

"येईल की. उद्या दुसरा म्हणेल, माझाही करा. नावागणिक वेगळा कोन द्यायचा तर तो कॉम्पोनंट कसला, भरतकाम झालं."

"मग सगळ्यांचेच सरळ करा."

"एका ओळीचं काम आहे. लेखी सांगा, लगेच करते." ती जरा थांबली. "त्यावर ओरिहारा साहेबांची मंजुरी लागेल."

"म्हणजे मी त्याच्याकडे जाऊन…" त्सुकुदानं जीभ आवरली. "त्यांच्याकडे जाऊन काय सांगू?"

मोमियामानं चष्मा पुसायला घेतला.

"निदान आज दुसऱ्या कुणाच्या नावानं दाखवू या का?" त्सुकुदानं विचारलं.

"संचालक काकेइ साहेबांनीच सांगितलंय, पहिला अर्ज तुम्ही करायचा. म्हणाले, कल्पना त्यांची, मान त्यांचा."

दार उघडलं. पुढे संचालक काकेइ, मागे ओरिहारा. त्सुकुदाला बघताच ओरिहाराची मान सवयीनं खाली गेली, मग त्याला आठवलं आणि ती अर्ध्यावरूनच वर आली. काकेइ मधोमध बसले. त्सुकुदा उभाच राहिला.

"हं, करा सुरू," काकेइ म्हणाले. "पंधरवडाभर रजा टाका. तुम्हाला आता काय, मोकळेच आहात."

सगळे हसायचं तेवढं हसले. त्सुकुदानं तारीख भरली, कारण भरलं, आणि बटण दाबलं. शिक्का उमटला.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो मघापेक्षाही जास्त वाकलेला दिसत होता. म्हातारं झाड वाऱ्यानं कलावं तसा.

ओरिहारा टेबलावरच्या पेनाकडे बघत म्हणाला, "हा… जरा तिरका आलाय, नाही? काहीतरी बिघाड असेल."

त्सुकुदानं चमकून त्याच्याकडे बघितलं. ओरिहारानं वर बघितलंच नाही. पंधरा वर्षं हाताखाली काढलेला माणूस, शिक्का का वाकतो हे त्याला ठाऊक नसेल? त्याला वाकवायला शिकवलं होतं तेच मुळी त्सुकुदानं.

"बिघाड?" काकेइ मोमियामाकडे वळले. "आज आम्ही काम ताब्यात घेणार, आणि बिघाड?"

मोमियामानं पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हात मांडीवर ठेवले. ती त्सुकुदाकडे बघत राहिली.

नुसतं "हो" म्हणायचं होतं. ती रात्रभर बसली असती, एक ओळ खोडली असती, आणि उद्यापासून सगळ्या कंपनीचे शिक्के ताठ उभे राहिले असते. दोष तिच्या माथी, कल त्याच्या माथ्यावरून गेलेला. सौदा वाईट नव्हता.

त्सुकुदानं घसा साफ केला.

"बिघाड नाही, साहेब. तो वाकलाय." मग ओरिहाराकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "तुमच्यापुढे वाकलाय, ओरिहारा साहेब. दोन पायऱ्यांचं अंतर आहे, म्हणून जरा जास्त."

ओरिहाराचे कान लाल झाले. मोमियामानं श्वास सोडला.

"अस्सं!" काकेइ खूश झाले. "अदब राखलीत की हो! ओरिहारा, आता तुझा मार बघू."

ओरिहारानं बटण दाबलं. मधल्या चौकोनात त्याचा शिक्का उमटला, काकेइंच्या रिकाम्या चौकोनाच्या बाजूला. कलला होता, पण जेमतेम. बघायचंच म्हणून बघितलं तर दिसावा इतका.

काकेइ पुढे वाकले. एकदा त्सुकुदाचा शिक्का बघितला, एकदा ओरिहाराचा. मग पुन्हा त्सुकुदाचा.

"एवढाच?" ते म्हणाले.

ओरिहारानं मोमियामाकडे बघितलं. मोमियामानं पडद्याकडे.

त्सुकुदानं खुर्ची ओढली, पाठ टेकून बसला, आणि लिहून घ्यायला पेनाचं टोपण काढलं.

"किती वाकवायचा, ओरिहारा?"