हलका तपकिरी जिग

“जिग कोणत्या रंगाचा लावू हो? आणि किती वजनाचा?” गळाची काठी घेऊन शेजारी बसलेल्या चारुताईंनी विचारलं.

कॅनडातल्या त्या तलावाच्या धक्क्यावर मराठी कानी पडलं म्हणून हेमंत आधी सुखावला होता. काठी चारुताईंच्या नवऱ्याची. तो गेल्यावर त्या पहिल्यांदाच एकट्या मासे धरायला आल्या होत्या. हेमंतच्या बादलीत मात्र सकाळपासून पिवळे पर्च मासे पडत होते. पाणी खोल, वारा जोराचा. माशांना भुलवायला गळाला लावतात तो जिग शिशाचा जड, पोपटी असेल तरच तळापर्यंत पोचत होता. पण हे सांगितलं तर आपल्या माशांना वाटेकरी येईल, असं त्याच्या मनात आलं.

“हलका लावा. तपकिरी,” तो म्हणाला.

थोड्या वेळाने चारुताई आनंदाने ओरडल्या. अर्ध्या पाण्यातच तरंगत राहिलेल्या त्या जिगला चांगला वीतभर पर्च लागला होता. “तुमच्यामुळे हो!” म्हणत त्यांनी मुलाला फोन लावला आणि हेमंतच्या हातात दिला.

“थँक्यू काका,” मुलगा म्हणाला. “बाबा गेल्यापासून आई आज पहिल्यांदा अशी हसली.”

हेमंतचे कान तापले. फोन परत देऊन त्याने आपल्या दोरीचा पोपटी जिग सोडवला आणि मान खाली घालून पुढे केला. “हा घ्या, ताई. हा जास्त चांगला आहे.”

“नको हो,” चारुताई म्हणाल्या. “चांगलं ते सगळं मलाच दिलंत, तर तुम्ही काय लावाल?”