कानामागची टिकली

मृण्मयी मानववंशशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी घाटातल्या एका पाड्यावर आली होती. विभागाने दिलेली टिकली तिने कानामागे चिकटवली होती. त्या टिकलीमुळे समोरच्या माणसाच्या मनातलं जसंच्या तसं तिच्या मनात उतरत असे.

पाड्यावरच्या जयवंताबाईंनी हसतमुखाने तिच्या हातात चहा दिला आणि मृण्मयीच्या मनात बाईंची भीती उतरली.

“मावशी, तुम्ही कुणाला घाबरता?” तिने न राहवून विचारलं.

बाईंचं हसू मावळलं. “तुलाच गं. मागल्या साली अशीच टिकली लावून एक पोरगी आली होती. इथं होणाऱ्या धरणाला कोण नेटानं विरोध करील आणि कोण भिऊन घर सोडील, ते तिच्या टिकलीनं टिपलं. मग धरणवाले नेमके भिणाऱ्यांच्या दारात आधी आले. माझ्या भावाचं घर तसंच गेलं.”

मृण्मयीने टिकली ओरबाडून काढली आणि चुलीत फेकली. पण उशीर झाला होता. टिकली टिपलेलं सगळं त्याच क्षणी विद्यापीठाकडे पाठवते, हे तिला पहिल्याच तासाला शिकवलं होतं.

“मावशी,” ती कशीबशी म्हणाली, “तुम्ही घाबरलाय, हे तिकडे कळलंय.”