विहिरीची ओटी

बाळंतीण सुगंधा ओटीचं ताट घेऊन विहिरीवर आली, तेव्हा संशोधक हेमांगी पाण्याचा नमुना काढत होती. पाच वर्षांपूर्वी तेलवाहिनी फुटली आणि भूजलात उतरलेलं तेल खाणारे जंतू तिनंच इथं सोडले. तेल असेतो ते खाणाऱ्या जंतूंमुळे पाणी निळं चमकेल, चमक विझली की प्या, असंही तिनंच गावाला सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात चमक विझली.

“बिचारे आपल्यासाठी राबले, ताई. म्हणून आम्ही बायका रोज त्यांना मूठमूठ हळद वाहायचो.”

हेमांगीनं यंत्राकडे पाहिलं. तेल अजून होतंच; जंतू तेवढे हळदीनं मेले होते.

“बाळाला पाणी पाजलंस का गं?” तिनं कसंबसं विचारलं.

“विझल्यापासून रोज चमचाभर,” सुगंधा हसून म्हणाली आणि ताटातली हळद तिनं विहिरीत सोडली.