वळणाचा आकडा

"हा हात तुझ्या डोक्यात घालू का?"

अभिमन सरांनी रोबोटचा हात उपसला आणि जितेंद्रच्या पुढ्यात आपटला.

रोबोट पुन्हा केळीचा घड पाडून भिंतीला धडकला होता. फरशीवर काळ्या चिकटपट्टीचा रस्ता केलेला. त्यावरून चालायचं, तो प्लास्टिकचा घड उचलायचा, वळण घ्यायचं, घड क्रेटमध्ये ठेवायचा. एवढंच काम. पण वळणावर रोबोट कलंडायचा आणि घड पडायचा.

हात जितेंद्रने बनवला होता, प्रोग्राम भूपेंद्रने लिहिला होता, वायरिंग स्वप्नीलचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी जळगावात घराच्या पुढच्या खोलीतच रोबोटिक्सचा क्लास काढला होता. शाळेने मोडीत काढलेली बाकं उचलून आणली होती. त्या बाकांवर तिघं गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

उद्या धुळ्याला विभागीय शालेय स्पर्धा. संघात दोनच नावं चालतात आणि इथे राबणारे तिघं. सरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, ज्याचा भाग फसेल तो बाद. मग माझ्याकडे रडत यायचं नाही.

स्वप्नीलला घोर नव्हता. त्याचं वायरिंग चोख होतं. उरलेल्या एका जागेसाठी दोघं एकमेकांच्या जिवावर उठले होते.

"सर, प्रोग्राम बरोबर आहे," असोद्याचा भूपेंद्र म्हणाला. "या भोने हात बनवला का नांगर? वजनानं पुढून वाकू राह्यला तो."

"तुझा रोबोट चालतो कसा ते बघ आधी," जितेंद्र म्हणाला. "वरातीत झिंगून चालणारा तुझा काका बरा."

भूपेंद्र ताडकन उठला. बाक मांडीला अडकून त्याच्यासोबतच वर आलं. स्वप्नील फिसकन हसला. सरांनी पुढे होऊन दोघांचे कान एकदमच धरले.

"तुम्ही बठ्ठा येडा शेतस, सगळे वेडे." चिडले की सरांची बोली थेट धुळ्याकडची व्हायची. "आणि जितेंद्र, तुला सातवीत स्क्रू पिळता येत नव्हता, तो आजही येत नाही."

कान सोडताना त्यांना वास आला. त्यांनी भूपेंद्रला तोंड उघडायला लावलं. गालात पुडीतला गुटखा होता. सरांनी हात उगारला, पण मारलं नाही. त्याला मागच्या नळावर पिटाळलं आणि चूळ भरतो की नाही ते बघायला स्वतःही मागोमाग गेले.

खोलीत जितेंद्र, स्वप्नील आणि उघडा लॅपटॉप राहिला.

भूपेंद्र खरं बोलत होता. हात जडच होता. जितेंद्रला ते पहिल्यापासून माहीत होतं, पण ते कबूल करणं म्हणजे जागा सोडणं. गेल्या वर्षी धुळ्याहून हात हलवत परत आल्यावर घरात कोणी त्याच्याशी धड बोललं नव्हतं. भाऊबंदांत हसं झालं ते वेगळंच. तेव्हाही रोबोट सुरेख चालला होता. परीक्षकांनी प्रश्न विचारले आणि आपल्या संघाचं तोंडच उघडलं नाही. यंदा नाव गेलं नाही तर घरात पाऊल ठेवायची सोय नव्हती.

त्याने हातामागची जड लोखंडी पट्टी काढून खिशात टाकली आणि हात रोबोटवर पुन्हा बसवला. मग लॅपटॉप ओढला. रोबोटने वळायचं केव्हा, ते एका आकड्यावर ठरत होतं. तो आकडा त्याने वाढवला, केबल लावून बदललेला प्रोग्राम रोबोटमध्ये टाकला आणि केबल काढली.

स्वप्नीलने सगळं पाहिलं.

"मी काही बघितलं नाही भो," तो म्हणाला. "फक्त माझ्या वायरिंगला बोट लावू नको."

सर आले, मागून ओल्या तोंडाचा भूपेंद्र आला. रोबोट सोडला. तो चिकटपट्टीवरून सरळ चालला, घड उचलला, जरासुद्धा कलंडला नाही. वळण आलं, वळण गेलं. रोबोट तसाच पुढे जाऊन सरांच्या पायावर आदळला. घड हातात घट्ट होता.

सरांनी लॅपटॉपकडे बघितलंही नाही.

"भूपेंद्र, निघ."

मघाशी हाच रोबोट वळत होता, भूपेंद्र म्हणत राहिला. मला आकडा बघू द्या, यानेच काहीतरी केलंय, स्वप्नीलला विचारा. स्वप्नीलने नकारार्थी मान हलवली. तेव्हा भूपेंद्रने जितेंद्रची कॉलर धरली. सरांनी ती सोडवली आणि त्याला दंडाला धरून दाराशी नेलं.

"घरी काय सांगू, सर?"

"पुडी फोडताना घरी विचारलं होतं का?"

दार लागलं.

बघतो जरा, असं म्हणून जितेंद्रने आकडा होता तसा केला. रोबोट चालला, वळला, घड क्रेटमध्ये अलगद टेकला. सरांनी वाकून घड क्रेटमध्ये नीट बसलाय का ते बघितलं. मग त्यांनी जितेंद्रच्या पाठीवर थाप मारली. त्याला सरांकडून कान, छडी आणि शिव्या एवढंच ठाऊक होतं. थाप पहिलीच. खिशातली लोखंडी पट्टी मांडीला टोचत असूनही त्याला आपण काही गैर केलं असं वाटलं नाही.

"बोलाव आता तिला," सर म्हणाले.

जितेंद्र बाहेर आला. भूपेंद्र कुठे दिसला नाही. ओट्यावर डिंपल मोबाईलवर गेम खेळत बसली होती. धुळ्याचं पक्कं झालं, त्याने तिला सांगितलं.

तिने मान वर केली नाही.

"पप्पा, यंदा मी काय बनवलं?"