फाइलवरचा शेरा

परदेशात नव्याने आलेल्यांना मदत करणाऱ्या केंद्रातल्या ताईंनी त्या जोडप्याला सगळं बोटाला धरून शिकवलं. कचऱ्याचे वार, बसचा पास, डॉक्टरची वेळ घेणं. एकच गोष्ट बायकोच्या गळी उतरेना. इथे कुणाकडे न कळवता जात नाहीत.

"म्हणजे शेजारणीकडे जायलाही आधी फोन करायचा?" म्हणत ती पोट धरून हसायची आणि दारातल्या ताईंना हाताला धरून आत ओढायची.

वर्षभराने एका रविवारी ताईंना स्वतःचंच घर खायला उठलं, म्हणून त्या सहज तिकडे गेल्या. दार साखळीपुरतंच उघडलं.

"अगंबाई, ताई! फोन करून यायचं ना!"

सोमवारी ताईंनी फाइलवर शेरा मारला : 'कुटुंब पूर्णपणे रुळले. यापुढे भेटीची गरज नाही.'