फोटोतल्या गोजराबाई

"या फोटोतल्या बाई भेटतील का?" अनुदान देणाऱ्या संस्थेच्या पाहुण्यांनी बुरूडवस्तीत शिरता शिरताच विचारलं. माहितीपत्रकावरच्या जुन्या फोटोत गोजराबाई सूप विणताना हसत होत्या. त्यांना जाऊन चार महिने झाले होते.

मृदुला त्यांना वस्ती दाखवायला घेऊन आली होती. वस्तीतल्या बायकांना बांबू आणून देणं, त्यांची सुपं-टोपल्या शहरात विकणं, हे सगळं तिची छोटी संस्था याच अनुदानावर करत होती, आणि ते पुढे मिळणार की नाही हे आजच्या भेटीवर होतं. समोरच्या दारात गोजराबाईंची लेक रंजना आईचं लुगडं नेसून बांबू सोलत बसली होती. तेच कपाळ, तेच डोळे.

"ह्याच त्या," मृदुलाच्या तोंडून निघून गेलं.

रंजनाचा कोयता थांबला. पाहुण्यांनी वाकून विचारलं, "कशा आहात, गोजराबाई?"

"बरी हाय की. बसा ना," ती म्हणाली. आवाज हुबेहूब आईचा.

पाहुणे खूश होऊन गेले. त्यांना गाडीपर्यंत पोचवून मृदुला परत आली, पण तिला मान वर करवेना. "चुकलंच माझं, रंजना. मी फोन करून त्यांना खरं काय ते सांगते."

"आता परत मारू नका तिला, ताई," रंजना हळूच म्हणाली. "गेल्यापासनं आज पयल्यांदा कुणी इचारलं तिला, कशी हाईस म्हणून."

मृदुलाने फोन केला नाही. अनुदान आलं, बांबूही आला. पण रंजनाला हाक मारताना अजून तिची जीभ अडखळते. ओठांवर आधी दुसरंच नाव येतं, आणि रंजना त्यालाही ओ देते.